एक्केचाळीस मिनिटांचं कासव

"आता मी जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही," डॉक्टर खुर्चीत सावरून बसत म्हणाले. "मलाच वाटलं नसतं. पण माझा सगळा जन्म गुरांत गेला. गुरांपुढे खोटं बोलून भागत नाही, त्यामुळे ती सवयच लागली नाही."

टेबलापलीकडच्या लेखनिकानं कागद पुढे ओढला, वर 'खुलासा' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. पहिलं वाक्य त्यानं डॉक्टर आत यायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. या खोलीत येणारा प्रत्येक डॉक्टर तिथूनच सुरुवात करतो, हे त्याला एव्हाना पाठ झालं होतं.

प्रकरण म्हटलं तर एवढंसं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी दर पाच वर्षांनी तीस तास नवं काहीतरी शिकायचं आणि मगच परवाना पुढे चालू करून घ्यायचा, असा पशुवैद्यक परिषदेचा नियम होता. नियम चांगला होता. डॉक्टरांचंही त्याबद्दल चांगलंच मत होतं, आणि चांगल्या गोष्टीला घाई करू नये म्हणून त्यांनी पहिली चार वर्षं अकरा महिने ती तशीच ठेवून दिली होती. उरलेल्या महिन्यात त्यांनी अठ्ठावीस तास कसे उरकले ते विचारू नका. शेवटच्या दिवशी दोन तास राहिले आणि घरबसल्या करता येण्यासारखा एकच वर्ग शिल्लक होता. विषय होता 'अनोख्या पाळीव प्राण्यांची तपासणी'. चौतीस वर्षं गाई-म्हशींत काढलेल्या माणसाला अनोखा प्राणी म्हणजे काय, तर ज्याच्या पोटात खांद्यापर्यंत हात जात नाही असा कुठलाही. पण दोन तास ते दोन तास.

त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत डॉक्टर एका गोठ्यात आडव्या आलेल्या वासराशी झुंजत होते. वासरू सुटलं, गाय सुटली, फक्त डॉक्टरांची कंबर अडकली. घरी येऊन त्यांनी अंघोळ केली, पोटभर जेवले, दवाखान्याच्या मागच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप उघडला आणि शिकायला बसले. दोन वाजता वर्ग सुरू झाला. दोन वाजून एकोणपन्नास मिनिटांनी डॉक्टरांपुरता तो संपला.

पुढचं सगळं बायकोच्या मायेनं घडलं. बायको दवाखान्यात औषधं काढून द्यायची, नोंदवही सांभाळायची आणि घर चालवायची, म्हणजे दवाखान्यात ती मदतनीस होती, घरी बायको होती आणि दोन्हीकडे साहेब तीच होती. भांडी घासता घासता ती मागच्या खोलीत डोकावली, तर नवरा टेबलावर गाल टेकून गाढ झोपलेला. चष्मा मोडेल म्हणून तिनं तो काढून ठेवला. एवढ्यात लॅपटॉपवर एक चौकोन उगवला. 'आपण उपस्थित आहात का?' असं त्यात विचारलं होतं आणि उत्तराला अर्धं मिनिट होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. उपस्थित तर होता. तिनं 'होय' दाबलं. हा चौकोन दर दहा मिनिटांनी उगवत होता आणि ती दर दहा मिनिटांनी येऊन खरं तेच सांगत होती.

लॅपटॉपचा कॅमेरा मात्र अधूनमधून फोटो काढत होता. आठवड्याभरानं परिषदेचं पत्र आलं. आपले डोळे एक्केचाळीस मिनिटं मिटलेले होते आणि आपल्या वतीनं चार वेळा दुसऱ्याच कुणाच्या हातानं उत्तर दिलं आहे, तरी समक्ष येऊन खुलासा करावा. खुलासा पटला नाही तर परवाना रद्द, दवाखान्याला कुलूप, आणि पुन्हा हवाच असेल तर कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून दोन वर्षांनी परीक्षा.

जिना चढताना बायको म्हणाली होती, "अहो, सरळ सांगा की झोप लागली. सकाळपासून वासरू ओढत होतात, तेही सांगा. माणसंच आहेत ती."

"चौतीस वर्षं झाली मला," डॉक्टर म्हणाले होते. "आजवर एक गाय बोलली नाही की डॉक्टर झोपला होता. आता कारकुनापुढे कबूल करू?"

"गाय कशी बोलेल?"

डॉक्टरांनी हा मुद्दा जिन्यातच सोडून दिला.

खोली लहान होती. दोन कपाटं, वर करकरणारा पंखा, आणि खिडकीपाशी मांडीवर पिशवी घेऊन बसलेली एक पोक्त बाई. तिच्या हातात थर्मासच्या झाकणातला चहा होता. आपल्यासारखीच कुणीतरी अडकलेली दिसते, असं डॉक्टरांनी ताडलं आणि तिच्याकडे पाहून समदुःखी मान हलवली. तिनंही हलवली. एकूण वातावरण बरं वाटलं.

लेखनिकानं नोंदींचा कागद समोर धरला आणि पहिला प्रश्न विचारला. डोळे एक्केचाळीस मिनिटं मिटलेले का होते? डॉक्टरांनी हे उत्तर घरून तयार करून आणलं होतं आणि गंमत म्हणजे ते निम्मं खरं होतं. जनावराच्या छातीचे ठोके ऐकताना ते नेहमीच डोळे मिटून घेत. पाहिलं की ऐकू कमी येतं, हे त्यांचं जुनं मत. त्या दिवशी वर्ग चालू असतानाच एक अत्यवस्थ रोगी आला, त्याला टाळणं धर्मात बसत नव्हतं, म्हणून शिकता शिकताच ते त्याचे ठोके मोजत होते.

लेखनिक म्हणाला, ते ठीक आहे, पण ठोके मोजायला एक्केचाळीस मिनिटं लागतात का?

हे उत्तर घरून आणलेलं नव्हतं. गाईला एक मिनिट लागतं. फार तर दोन. डॉक्टरांनी वेळ काढायला लेखनिकाच्या कागदाकडे पाहिलं. लेखनिक 'ठोके' हा शब्द लिहीत होता. त्यानं ठ काढला, त्याला काना दिला, पेन उचलून मात्रेसाठी योग्य जागा शोधली, ती सापडल्यावर जरा विसावा घेतला आणि मग मात्रा दिली. त्या हाताकडे पाहता पाहता डॉक्टरांच्या तोंडून आपोआप निघून गेलं.

"कासव होतं."

बायकोनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. या माणसात आणखी काही नवीन निघेल अशी तिची अपेक्षा उरलेली नव्हती.

एकदा कासव आत शिरल्यावर मात्र डॉक्टरांना वाट सापडली. त्यांनी सांगितलं की, कासव साठ वर्षांचं होतं. मालक त्याला टोपलीत घालून घेऊन आले. कासवाचं सगळंच सावकाश, त्यामुळे त्याचा ठोकाही सावकाश. एक पडला की दुसऱ्याची वाट पाहायची, आणि मध्येच डोळे उघडले तर मोजणी पहिल्यापासून. घाई केली की कासवाला कळतं आणि मग ते मुद्दाम उशीर लावतं. लेखनिक हे सारं जसंच्या तसं उतरवून घेत होता. खिडकीतल्या बाईनं चहाचा घोट घेतला आणि खुर्ची किंचित टेबलाकडे वळवली. श्रोता मिळाला की बोलणाऱ्याला चेव चढतो. डॉक्टर आता थोडे तिच्याकडेही तोंड करून बोलू लागले.

फोटोत तुमचं डोकं टेबलावर टेकलेलं दिसतं, लेखनिक म्हणाला. डॉक्टर म्हणाले, कासव बुटकं असतं. कान त्याच्या पातळीवर न्यायचा तर डोकं खाली न्यावंच लागतं. तोंड उघडं का होतं? उघड्या तोंडानं बारीक आवाज जास्त चांगला ऐकू येतो. लेखनिकाला हे माहीत नव्हतं. त्यानं पेन खाली ठेवलं, तोंड उघडलं आणि क्षणभर पंख्याचा आवाज ऐकला. मग मिटून ऐकला. मग पुन्हा उघडून ऐकला.

"फरक पडतो खरा," तो म्हणाला आणि तेही लिहून घेतलं.

पण कासव एकाही फोटोत दिसत नाही, असं तो पुढे म्हणाला. डॉक्टरांनी त्याला समजावलं की कासव मांडीवर होतं. आजारी जनावराला कॅमेऱ्यासमोर आणणं बरं नव्हे, त्याच्या मालकाची परवानगी घ्यावी लागते. हे इतकं कायदेशीर वाटलं की डॉक्टरांना स्वतःलाच आपलं कौतुक वाटलं. आजवर त्यांनी गाईची परवानगी सोडा, म्हशीच्या मालकाचीही कधी घेतली नव्हती.

लेखनिकानं पान उलटलं. तीन मिनिटं तुमचा माइक चालू राहिला होता, आणि शिकवणाऱ्यांनी तो बंद केला, अशी नोंद आहे. त्या तीन मिनिटांत मोठ्यानं घरघर ऐकू आली. दोनशे सहा डॉक्टरांनी ऐकली. त्यांतल्या एकानं लिहून विचारलं होतं की, हा आवाज अभ्यासक्रमाचा भाग आहे का.

डॉक्टरांना ही गोष्ट नवी होती. बायको खिडकीबाहेर पाहू लागली. ती आता हसेल की रडेल हे सांगता आलं नसतं, आणि डॉक्टरांना त्यातलं काहीच परवडणारं नव्हतं.

"तोच तर त्याचा आजार," डॉक्टर म्हणाले. "छाती भरली होती. कफ."

"एवढ्याशा जनावराचा एवढा मोठा आवाज?"

"अहो, कवच असतं ना वरती. कवच म्हणजे ढोलच तो. आत सुईएवढा आवाज झाला तर बाहेर मुसळाएवढा येतो."

हे सांगताना त्यांनी टेबलावर थाप मारून दाखवली. दौत हलली. लेखनिकानं ती धरली आणि 'ढोल' हा शब्द अधोरेखित केला. खिडकीतली बाई आता चहा प्यायची विसरली होती.

मग शालीचं आलं. तीन वाजून तीन मिनिटांनी फोटोत एक बाई दिसते आणि ती तुमच्या अंगावर शाल पांघरते. डॉक्टरांनी एक क्षण छताकडे पाहिलं. कासवाचं रक्त थंड, त्याला ऊब द्यावी लागते, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण शाल तर तुमच्या अंगावर आहे, लेखनिक म्हणाला. कासव माझ्या पोटाशी होतं, डॉक्टर म्हणाले, एका शालीत दोघं.

लेखनिकानं पहिल्यांदाच पेन थांबवलं आणि बायकोकडे वळला. "वहिनी, ती शाल तुम्हीच घातलीत?"

"मीच घातली."

"कुणासाठी?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या कपाळावर घाम होता. दवाखान्याची पाटी, औषधांचं कपाट, सकाळी दाराशी उभे राहणारे गोठेवाले, सगळं त्या घामात दिसत होतं. खोटं तर तिला बोलायचं नव्हतं.

"ज्याला झोपेत गार लागू नये असं वाटलं, त्याच्यासाठी," ती म्हणाली.

"कासव झोपलं होतं?" लेखनिकानं विचारलं.

"आजारी कासव दुसरं काय करणार?" डॉक्टर घाईघाईनं म्हणाले.

शेवटचा प्रश्न हाताचा होता, आणि खरी मेख तिथंच होती. चार वेळा 'होय' दाबणारा हात फोटोत स्पष्ट होता. हात बाईचा होता आणि त्याला साबणाचा फेस लागलेला होता. डॉक्टर म्हणाले, फेस लागणारच. आमच्याकडे रोग्याजवळ यायचं तर आधी हात धुवायचे, हा माझा कडक नियम आहे. ती माझी मदतनीस. माझे दोन्ही हात कासवात गुंतलेले, म्हणून तिनं माझ्या सांगण्यावरून दाबलं. म्हणजे हात तिचा, उत्तर माझं. गाय बांधताना दोर गोठेवाला ओढतो, पण गाय डॉक्टरनं तपासली असंच म्हणतात.

लेखनिकानं शंका काढली. "सांगितलंत कसं? तुमचं तोंड तर सतत उघडंच होतं."

"भुवईनं. एक भुवई वर केली म्हणजे होय."

लेखनिकानं फोटो एकेक करून डोळ्यांजवळ नेले. आता बोलाफुलाला गाठ म्हणा किंवा गालाखाली दुमडलेल्या नोंदवहीची करामत म्हणा, पण चारांतल्या तीन फोटोंत डॉक्टरांची डावी भुवई चांगली वर चढलेली होती. चौथ्यात नव्हती. चौथ्या वेळी तिला न विचारताच कळलं, असं डॉक्टर म्हणाले. एकतीस वर्षांच्या संसारात तेवढं कळतं. हे मात्र लेखनिकाला ताबडतोब पटलं. त्याच्याही घरी तसंच होतं.

त्यानं सगळा खुलासा वाचून दाखवला. कागदावर उतरलेलं ऐकताना डॉक्टरांना स्वतःविषयी आदर वाटू लागला. कंबर मोडलेली असताना एका वृद्ध कासवासाठी एक्केचाळीस मिनिटं डोळे मिटून बसलेला हा डॉक्टर खरोखर थोर होता. लेखनिकानं शेवटी सहज विचारलं, पुढे काय झालं कासवाचं?

इथं डॉक्टरांनी थांबायला हवं होतं. घोडं गंगेत न्हायलं होतं, नुसतं काठावर काढायचं राहिलं होतं. बायकोनं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. पण आतापर्यंत कासव त्यांचं इतकं लाडकं झालं होतं की त्याला असं अर्ध्यावर सोडणं त्यांच्या जिवावर आलं.

"खडखडीत बरं झालं," ते म्हणाले. "येताना टोपलीतून आलं होतं, जाताना म्हणालो, चालत जाऊ दे त्याला. शेजारच्याच गल्लीत घर. गुरुवारी निघालं, मंगळवारी पोचलं."

लेखनिकानं तारखा जुळवून पाहिल्या. जुळत होत्या. त्यानं 'खुलासा समाधानकारक वाटतो' असा शेरा लिहिला, शिक्क्याची डबी उघडली आणि कागद टेबलावरून खिडकीकडे सरकवला.

"मॅडम, सही झाली की शिक्का मारतो."

खिडकीतल्या बाईनं चहाचं झाकण बाजूला ठेवलं, पिशवीतून चष्मा काढला आणि पेन हातात घेतलं. ही परिषदेची माणूस आहे हे डॉक्टरांना आत्ता कळलं. पण ते घाबरले नाहीत. उलट बरंच वाटलं, कारण सगळ्यांत जास्त मन लावून तिनंच ऐकलं होतं. जाता जाता तिलाही काही नवं मिळावं म्हणून ते आपणहून तिच्याकडे वळले आणि सांगू लागले की, मॅडम, पुस्तकात नाही असा अनुभव आहे हा. ठोके ऐकायच्या नळीचं टोक कवचाच्या बरोब्बर मधोमध टेकवायचं, आणि मग काय स्पष्ट ऐकू येतात ठोके म्हणून सांगू, भिंतीवरच्या घड्याळासारखे. शेवटच्या दहा मिनिटांत तर मी नळीसुद्धा काढून ठेवली होती.

बाईनं पेनाला टोपण लावलं.

"डॉक्टर," ती म्हणाली. आवाज मऊ होता, एका लयीतला, कुठंही वर न चढणारा आणि खाली न उतरणारा. तो कानावर पडताच डॉक्टरांच्या पापण्या का कोण जाणे जड होऊ लागल्या. हा आवाज आपण कुठंतरी ऐकलाय, असं त्यांना वाटलं, पण कुठं ते आठवेना. "मागच्या आठवड्यात तीन जणांनी इथं बसून सांगितलं की झोप लागली. तिघांनाही मी दोन तास परत बसायला सांगून परवाना दिला. कासवाचे ठोके नळीनं ऐकू येत नाहीत, मधे कवच असतं, ते आवाज अडवतं. त्याला वेगळं यंत्र मानेपाशी लावावं लागतं. हे मी त्या दिवशी सव्वातीन वाजता दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगायचं कारण म्हणजे पहिल्यांदा तुमच्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नाही. मीच बंद केला तुमचा माइक. कासव नव्हतंच. तुम्ही झोपला होतात."